पंच टिकतात कसे, हे बघायला चंडीगडला

चंडीगडला जाणारे लोक तळं बघतात, गुलाबांची बाग बघतात, फुटक्या बांगड्या-कपबशांच्या पुतळ्यांची बाग बघतात आणि पुढे शिमल्याला निघून जातात. मी तिथं आठवडाभर राहिले आणि यातलं फक्त तळं बघितलं. मी गेले होते एका बाईंना भेटायला. लहान मुलांच्या फुटबॉल सामन्यांना त्या पंच पुरवतात, आणि त्यांच्याकडचे पंच टिकतात असं माझ्या कानावर आलं होतं.

आमच्याकडे टिकत नाहीत. मी कोल्हापूरची. शाळेत खेळाची शिक्षिका, बरीच वर्षं स्वतः पंच, आणि आता जिल्ह्यातल्या कोवळ्या पंचांची जबाबदारी माझ्याकडे आहे. पंधरा-सोळा वर्षांची मुलंमुली उन्हाळ्यात शिबिराला येतात, नियम पाठ करतात, नवा काळा पोशाख घालून आईबापांबरोबर फोटो काढतात. एक हंगाम करतात. दुसऱ्या हंगामाच्या पहिल्या बैठकीला निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या असतात. मग आम्ही मोठी माणसं चहा पीत हल्लीच्या मुलांना चिकाटी नाही असं म्हणतो आणि पुढच्या शिबिराची तयारी सुरू करतो.

गेल्या हंगामात मात्र हसण्यावारी नेता येणार नाही असं झालं. तेरा वर्षांखालच्या मुलींचे काही सामने पंच नाहीत म्हणून रद्द करावे लागले. एक संघ गडहिंग्लजहून एसटीनं आला होता. मुली बूट बांधून तयार बसल्या होत्या, त्यांना तशाच परत पाठवलं. बैठकीत विषय निघाला, की पुढच्या वर्षीही असंच होणार असेल तर मुलींची ही स्पर्धा बंदच करावी. मी म्हटलं, मला एक हंगाम द्या. दिला. पण त्या हंगामात करायचं काय, ते मला माहीत नव्हतं.

सेक्टर तीस

माझी मावसबहीण अनघा चंडीगडला असते. ती मूळची सांगलीची. तिचा नवरा श्रीकांत सरकारी प्रयोगशाळेत इंजिनियर आहे. त्यांची मुलगी ईरा दोन वर्षांपूर्वी शाळेच्या संघातून खेळता खेळता पंच झाली, आणि तेव्हापासून दर रविवारी तिचा मला फोन यायचा. ऑफसाइड, हँडबॉल, थ्रो-इन, सगळं ती हिंदीत विचारायची आणि मी मराठीत सांगायचे. दिवाळीच्या सुमारास ते फोन थांबले, पण मला वाटलं, अभ्यास असेल. तिला घडवणाऱ्या गुरमीत मॅडमचं नाव मी तिच्याच तोंडून ऐकलं होतं. नंतर मॅडमशी माझं फोनवर बोलणं झालं. त्या म्हणाल्या, जानेवारीत आमची पंधरा वर्षांखालची स्पर्धा आहे, या आणि बघा.

जानेवारीत उत्तरेत थंडी असते हे मला पुस्तकातून माहीत होतं. कोल्हापुरात जो स्वेटर आम्ही हौसेनं घालतो, तो विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकताच निरुपयोगी ठरला. त्यात टॅक्सीवाल्यानं सेक्टर तीसच्या भलत्याच बाजूला सोडलं. तिथले सगळे रस्ते सरळ, सगळे चौक गोल आणि सगळी घरं एकमेकांची भावंडं असल्यासारखी दिसतात. आमच्याकडे पत्ता विचारला की पिंपळापासून डावीकडे, मग दूध डेअरी, असं सांगतात. इथं एका सरदारजींनी मला फक्त दोन आकडे सांगितले, आणि त्या आकड्यांवरून मी खरोखरच दारात पोचले.

बॅग उघडली तर कांदा-लसूण चटणीच्या बरणीचं झाकण सैल होऊन निम्मी चटणी लाइनमनच्या झेंड्यांवर सांडलेली. मॅडमना भेट म्हणून नेलेले नवे झेंडे. अनघा हसून हसून खाली बसली. तिनं ते दोन वेळा धुतले, तरी वास गेला नाही.

रात्रीच्या जेवणाला तिनं माझ्यासाठी भाकरी केली होती, आणि शेजारणीनं सरसोंचं साग आणि मक्याची रोटी पाठवली होती. आमची भाकरी आणि ती रोटी एकाच ताटात छान नांदत होत्या. जेवता जेवता मी ईराला विचारलं, शनिवारी मैदानावर किती वाजता निघायचं. ती ताटात बघत राहिली.

“ताई, तिनं सोडलं ते,” अनघा म्हणाली.

“अकरावी है ना मावशी, टाइम नहीं मिलता,” ईरा म्हणाली आणि पाणी आणायला उठली.

श्रीकांतनं विषय बदलला. अनघानं नंतर स्वयंपाकघरात मला सांगितलं, की दिवाळीच्या आधीपासून जात नाही, कारण विचारलं तर अभ्यास म्हणते, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. उन्हातान्हात मुलांच्या मागं पळायचं आणि लोकांच्या शिव्या खायच्या, कशासाठी? मी ताटं पुसून ठेवली. पण अंथरुणात पडल्यावर माझ्या मनात आलं, की ज्या मुलीमुळं मी एवढ्या लांब आले, तीच टिकली नाही. मग मी इथं नेमकं काय बघणार?

मैदानावर

गुरमीत मॅडम साठीच्या आसपासच्या, उंच, सलवार-कमीजखाली धावायचे बूट घातलेल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या पीटी टीचर. गाडीच्या डिकीत गोलच्या जाळ्या, चुना, दोर आणि चहाचा मोठा थर्मास. मी झेंडे दिले, त्यांनी वास घेतला, आणि भूक लागली असं म्हणाल्या. तिथंच आमची ओळख पक्की झाली.

पहिले दोन दिवस मी नुसती त्यांच्यामागं हिंडले. मैदानाच्या एका बाजूला त्यांनी दोर बांधला होता. आईबाप त्या दोराच्या मागं, कोच आणि संघही त्याच बाजूला, दोराच्या पुढं. दोन्हीकडून एकदम आरडाओरडा सुरू झाला, की लहान पंचाला कुठं तोंड लपवायचं कळत नाही, म्हणून एक बाजू त्याला मोकळी ठेवायची. नवा पंच असेल तर दोराच्या जवळ नारिंगी जाकीट घातलेला एक जुना पंच उभा. त्यानं निर्णयात पडायचं नाही. फक्त उभं राहायचं, आणि कुणी दोर ओलांडून आला तर पुढं व्हायचं.

सामना संपला की मॅडम थर्मास उघडायच्या. ब्रेडपकोडे यायचे. पंचाला पहिला प्रश्न, आज मजा कधी आली? मुलं आधी लाजायची, मग सांगायची. त्यानंतर एक चूक, एकच. मी पहिल्या दिवशी एका मुलाच्या पाचसहा चुका मनात टिपून ठेवल्या होत्या. मॅडमनी त्यातली एक सांगितली, तो कुठं उभा राहायला हवा होता ती जागा चालत जाऊन दाखवली, आणि बाकीच्या सोडून दिल्या. मी विचारलं, बाकीच्यांचं काय? त्या म्हणाल्या, पुढच्या शनिवारी तो आला पाहिजे ना, बाकीच्या तेव्हा.

परीक्षेच्या दिवसांत त्या कुणालाच सामना देत नाहीत. पण त्याआधीच प्रत्येकाला सांगून ठेवतात, की पेपर संपल्यावरचा पहिला रविवार तुझा. मुलाला वाटतं, आपली जागा कुणीतरी राखून ठेवली आहे. आमच्याकडे परीक्षेला गेलेलं मूल आणि सोडून गेलेलं मूल यांत फरक करायची पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही उन्हात बसून मुळ्याचे पराठे खात होतो. मी म्हटलं, तुमच्याकडे खरंच सगळे टिकतात. मॅडमनी मान हलवली. पुष्कळ जातात, म्हणाल्या, आणि यंदा सगळ्यांत गुणी मुलगी गेली. तुमची भाची.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. ऑक्टोबरमध्ये मोहालीच्या एका मैदानावर लहान मुलांचा सामना होता. ईराबरोबर जाणारा जुना पंच तापानं आजारी पडला. दुसरं कुणी मोकळं नव्हतं. ईरा हुशार आहे, निभावून नेईल, असं म्हणून मॅडमनी तिला एकटीला पाठवलं. शेवटच्या मिनिटांत तिनं पेनल्टी दिली, त्यावर गोल झाला, आणि हरलेल्या संघातल्या मुलांचे दोघेतिघे वडील सामन्यानंतर तिच्या मागं पार्किंगपर्यंत गेले. एकानं मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला आणि नियम सांग, नियम सांग, म्हणत राहिला. तो व्हिडिओ आईबापांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला.

“मी तिला मेसेज केला, काळजी करू नकोस म्हणून. तिनं अंगठा पाठवला,” मॅडम म्हणाल्या. “मला वाटलं, थोडे दिवस जाऊ द्यावेत. ते दिवस वाढत गेले. मग मलाच तिच्या दारात जायची लाज वाटायला लागली.”

मी म्हटलं, मी बोलते तिच्याशी, परत यायला सांगते. मॅडमनी पराठ्याचा तुकडा ताटात ठेवला. परत ये असं अजिबात म्हणू नका, म्हणाल्या. काय झालं ते विचारा, आणि ती सांगत असताना मध्ये बोलू नका.

तळ्याकाठी

त्यानंतरच्या दिवशी सामने नव्हते. सकाळी ईरा मला सुखना तळ्यावर घेऊन गेली. पाण्यावर वाफ तरंगत होती. पलीकडे शिवालिकच्या टेकड्या कुणीतरी पेन्सिलीनं हलक्या हातानं काढल्यासारख्या, आणि पाण्यात दूरदेशाहून आलेली बदकं. आमच्या रंकाळ्यावर सकाळी फिरायला जाणारी माणसं चालतात कमी आणि बोलतात जास्त. इथली सगळी कुणीतरी पाठीमागं लागल्यासारखी चालत होती. पगडीवाले आजोबा, फौजी अधिकाऱ्यांच्या बायका, सगळ्यांच्या तोंडातून वाफ.

एका बाकावर बसून आम्ही शेंगदाणे सोलत होतो. मी विचारलं, मोहालीला काय झालं होतं? ती गप्प बसली. मीही बसले. मला गप्प बसणं जमत नाही, शाळेत सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी बसले.

मग ती बोलायला लागली. हिंदीत, मधूनच एखादा मराठी शब्द. तो माणूस मोबाइल धरून उभा होता, आणि ती सायकलचं कुलूप उघडायचा प्रयत्न करत होती, पण किल्ली लागत नव्हती. आजूबाजूला बाकीचे लोक गाड्या काढत होते. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात लावला नाही. तो अगदी शांतपणे विचारत होता, बेटा, रूल बताओ. तिला एकही नियम आठवत नव्हता. शेवटी किल्ली लागली आणि ती निघाली. रस्त्यात एका दुकानाच्या मागं थांबून रडली, तोंड धुतलं, आणि घरी येऊन भूक नाही असं सांगितलं.

मला वाटलं, संपलं. मी काहीतरी म्हणणार होते, त्या माणसाबद्दल चार कडक शब्द जिभेवर आलेही होते. तेवढ्यात ती म्हणाली, “मावशी, वो पेनल्टी गलत थी.”

फाउल झाला होता, पण बॉक्सच्या, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीच्या बाहेर, आणि तिथं पेनल्टी देत नाहीत. ती मागं राहिली होती, तिला नीट दिसलं नव्हतं, आणि आतला वाटला म्हणून तिनं शिट्टी वाजवली. व्हिडिओ बघितल्यावर तिला कळलं. त्या मुलांचा सामना तिच्यामुळं गेला. तो माणूस वाईट वागला, पण त्याचं बरोबर होतं, आणि जिला पेनल्टी बॉक्सची रेषा दिसत नाही तिनं पंच कशाला व्हायचं? इतके महिने तिच्या मनात हे एवढंच होतं. अभ्यासाचं कारण घरच्यांसाठी होतं.

मी विचारलं, मॅडमना सांगितलंस? तिनं नकारार्थी मान हलवली. सांगू का मी? ती म्हणाली, नको, त्यांनाच घरी बोलवा.

बैठकीच्या खोलीत

गुरमीत मॅडम त्याच संध्याकाळी आल्या. हातात घरी केलेल्या पिन्नीचा डबा. गव्हाच्या पिठाचा, तुपात भाजलेला हा लाडू आमच्या डिंकाच्या लाडवाचा पंजाबी चुलतभाऊ आहे. अनघानं पोहे केले. सगळे नीट बसल्यावर मॅडमनी डबा बाजूला ठेवला आणि श्रीकांत-अनघाला सगळं सांगितलं. सामना, आजारी पडलेला पंच, पार्किंग, व्हिडिओ. काही गाळलं नाही.

श्रीकांतला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो मवाळ स्वभावाचा माणूस आहे. बदलीच्या नोकरीत तीन राज्यं फिरला, कुठं कुणाशी भांडला नाही. त्या दिवशी त्याचा आवाज चढला. सोळा वर्षांच्या मुलीला तुम्ही परक्या गावात एकटी पाठवता, लोक तिचा व्हिडिओ काढतात, आणि आम्हाला हे महिन्यांनी कळतं? मॅडमनी मध्ये एक शब्द घातला नाही. त्याचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, साहेब, तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे, आणि मी माफी मागायला आले आहे.

तेव्हा ईरा दाराशी उभी राहून म्हणाली, की पेनल्टी चुकीची होती.

“माहीत आहे मला,” मॅडम म्हणाल्या. “मी तो व्हिडिओ बघितला. फूटभर बाहेर होतं ते. बेटा, या वयात पेनल्टी चुकणारच. मीही चुकवल्यात, तुझ्या मावशीनंही चुकवल्या असतील. पण तुझ्या बाजूला एक माणूस उभं करणं हे माझं काम होतं. ते मी केलं नाही.”

 ईरा येऊन त्यांच्या शेजारी बसली. मॅडमनी तिला पिन्नी दिली, तिनं ती खाल्ली, आणि पेनल्टीचा विषय पुन्हा निघाला नाही. परत ये, असं मॅडम एकदाही म्हणाल्या नाहीत. उलट निघताना अनघाला पोह्यांची कृती विचारली, आणि मोहरी कधी घालायची यावर दोघी जिन्यात उभ्या राहून बोलत बसल्या.

मॅडम गेल्यावर श्रीकांत म्हणाला, आता काही झालं तरी पाठवायची नाही. अनघानं कपबशा गोळा केल्या. गंमत म्हणजे आतापर्यंत नको नको म्हणणारी तीच, आणि तीच म्हणाली, “ती काय म्हणते ते बघू की आधी.”

धुकं

स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी सकाळी खिडकीबाहेर काहीच नव्हतं. समोरचं झाड नाही, खालची गाडी नाही, रस्ता नाही. आंबोलीचं धुकं मी पाहिलंय. ते येतं, दाट होतं, निघून जातं. हे धुकं मुक्कामालाच आलेलं होतं.

मी निघाले तर ईरा जाकीट घालून चपलांच्या कपाटाशी उभी. पंचाचा पोशाख नव्हता. “बस देखने आ रही हूँ,” ती म्हणाली. श्रीकांतनं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गाडीची किल्ली घेतली. टॅक्सी मिळणार नाही या धुक्यात, एवढंच म्हणाला. चालण्याच्या वेगानं आम्ही मैदानावर पोचलो.

दोन सामने एकाच वेळी होते. मॅडम लांबच्या मैदानावर गुंतलेल्या. जवळच्या मैदानावर हरलीन नावाची पंधरा वर्षांची मुलगी, तिचा हा पहिलाच सामना. तिच्याबरोबर उभा राहणारा मुलगा पंचकुल्याहून यायचा होता, तो धुक्यात अडकला होता. नारिंगी जाकीट टेबलावर घडी घालून पडलेलं. आणि हरलीनच्या दोन्ही बाजूंना दोन कोच. एक म्हणत होते, आमची बस परत जायची आहे, सुरू करा. दुसरे म्हणत होते, मुलं थंडीनं गारठली, सुरू करा. त्यांच्यामागं काही वडीलही येऊन उभे राहिले. हरलीन शिट्टी मुठीत धरून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

मी पुढं होणार होते. माझा आवाज मोठा आहे, आणि अशा वेळी तो वापरायची मला सवय आहे. पण माझ्याआधी ईरा टेबलापाशी गेली, जाकीट उचललं, अंगात घातलं आणि हरलीनच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिला घेऊन गोलच्या रेषेवर गेली. मी मागोमाग होते म्हणून मला ऐकू आलं. तिनं विचारलं, पलीकडचा गोल दिसतोय का तुला?

हरलीननं डोळे बारीक केले. नाही दिसत, म्हणाली.

मग जाऊन तेच सांग, ईरा म्हणाली, मी शेजारीच आहे.

हरलीननं जाऊन सांगितलं. आवाज चिरका निघाला, पण शब्द स्पष्ट होते. दुसरा गोल दिसत नाही तोपर्यंत सामना सुरू होणार नाही. बसवाले कोच वैतागून हात उडवून निघाले. वडिलांपैकी एकजण पुढं सरकला आणि सामना हिनं खेळवायचा की आम्ही, असं काहीसं पुटपुटला. ईरा त्याच्या आणि हरलीनच्या मध्ये आली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. जाकिटाच्या बाहीत तिची बोटं आवळलेली मात्र दिसली.

“अंकल, उसका पहला मैच है,” ती म्हणाली. “जो बोलना है, मुझे बोलिए.”

 तो माणूस दोराच्या मागं गेला. तेवढ्यात माझं लक्ष गेलं, तर श्रीकांत गाडीतून उतरून दोराच्या त्याच टोकाला येऊन उभा होता. हात खिशात. तो पूर्ण सामनाभर तिथंच उभा राहिला.

ऊन यायला बराच वेळ लागला. आधी झाडांचे शेंडे दिसले, मग पलीकडच्या गोलचा आडवा दांडा, मग त्याखाली उड्या मारून अंग गरम करणारा गोलकीपर. हरलीननं शिट्टी वाजवली. सामन्यात तिनं एक ऑफसाइड चुकवला, एकदा थ्रो-इन भलत्याच संघाला दिला. कुणी ओरडलं की तिची नजर नारिंगी जाकिटाकडे जायची आणि ती पुन्हा पळायला लागायची. संपल्यावर मॅडम लांबच्या मैदानावरून चालत आल्या. जाकीट कुणाच्या अंगात आहे ते त्यांनी बघितलं, आणि थर्मास ईराच्या हातात दिला. आज चहा तू ओत, आणि विचारायचं ते तूच विचार, म्हणाल्या.

ईरानं हरलीनला विचारलं, आज मजा कधी आली? हरलीन म्हणाली, जेव्हा मी नाही म्हटलं तेव्हा.

श्रीकांतनं दुसरा ब्रेडपकोडा घेतला. परतताना गाडीत तो मला म्हणाला, की यांना नारिंगी जाकिटं आणखी लागतील का, आमच्या कॉलनीतली दोनचार मोठी मुलं येतील उभी राहायला. ईरा मागच्या सीटवर झोपली होती.

कोल्हापूर

मार्चमध्ये ईराचा फोन आला. तिनं सामना घेतला होता. शेजारी हरलीन उभी होती. एक पेनल्टी दिली, या वेळी नक्की आतली, असं तिनं मला दोन वेळा सांगितलं. पुढच्या वर्षी श्रीकांतची बदली होईल अशी चिन्हं आहेत. जिथं जाईन तिथं मॅडम कुणाला तरी कळवणार आहेत, म्हणाली.

मी इकडं आल्यावर आधी दोर आणला, मग जाकिटं शिवून घेतली. ती आमच्याकडे पिवळी आहेत, कारण शिंप्याकडे तेच कापड होतं. जुन्या पंचांना बोलावून समजावलं. काहींनी नाक मुरडलं. आम्ही शिव्या खाऊनच शिकलो, आता यांनाच एवढे लाड कशाला, असं एक जण म्हणाला. पण पहिल्या रविवारी तोच लवकर आला आणि पिवळं जाकीट घालून उभा राहिला. मुलींची स्पर्धा सध्यातरी सुरू आहे. अजून पंच कमी पडतात, कधी मलाच पळावं लागतं, आणि गुडघे संध्याकाळी त्याची आठवण करून देतात. पण यंदा एकही संघ बूट न वापरता परत गेलेला नाही.

मग मी सोडून गेलेल्यांना फोन करायला बसले. पहिला नंबर कागलच्या समीरचा. शिबिरातला चुणचुणीत मुलगा, एक हंगाम केला आणि नंतर कधी दिसला नाही. मी मनाची तयारी केली होती. कुणी त्रास दिला असेल, घरचे नको म्हणाले असतील, काहीही सांगितलं तरी मध्ये बोलायचं नाही असं ठरवलं होतं. फोन त्याच्या आईनं उचलला. तो कामावर गेलाय, म्हणाली, आता कारखान्यात लागलाय, त्याला निरोप देते.

संध्याकाळी त्याचा फोन आला. मी म्हटलं, समीर, तू पंचाचं काम का सोडलंस, तेवढं विचारायचं होतं.

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. तो म्हणाला, “मॅडम, मी कुठं सोडलंय? नंतर बोलावलंच नाही कुणी. मला वाटलं, तुम्हीच मला काढलंय. रविवारी सुट्टी असती मला. येऊ का?”

ये म्हटलं.